कासाबाईची गुणगुण

मी आयुष्यात पाण्याच्या सात मोटारी घेतल्या, सगळ्या हातात तोलून. जड मोटार म्हणजे आत तांबं जास्त, एवढं माझं शास्त्र. त्याच शास्त्राच्या जोरावर परवा परभणीला ऑडिओ इंटरफेस निवडायला गेलो.

कारण आमच्या झरीची कासाबाई. साठ वर्षं मेंढरामागं चाललेली बाई. एखादी मेंढी मेली की तिचं कोकरू दुसरी मेंढी जवळ येऊ देत नाही, ढुशी मारून हाकलते. मग कासाबाई त्या मेंढीच्या कानाला तोंड लावून गुणगुणते. शब्द नाहीत. घटकाभरात मेंढी त्या कोकराला पाजते. हे मी शंभरदा पाहिलेलं.

सोमवारी तिच्या घशाचं ऑपरेशन. आवाज राहील याची हमी डॉक्टरांनी दिली नव्हती, आणि तिची सून रुपाली हिला ती गुणगुण काही केल्या जमत नव्हती. माझी नात भक्ती म्हणाली, रेकॉर्ड करून ठेवू. मोबाइलवर करून पाहिलं, तर नुसती फुसफुस आली.

दुकानात भक्तीनं समजावलं. माइकमधून आवाज येतो इवलासा. इंटरफेसच्या डब्यातला प्रीअँप त्याला मोठा करतो, मग तो कॉम्प्युटरला जातो. प्रीअँप सुमार असला तर त्याची स्वतःची खरखरही सोबत मोठी होते. मी मान डोलावली आणि दोन्ही डबे तोलले. एक चार माइकांचा, विटेसारखा जड. दुसरा दोन माइकांचा, पानाच्या डब्याएवढा. जडच घ्या म्हणालो.

सोबत आलेल्या कासाबाईनं हेडफोन मागून घेतला आणि जड डब्याच्या माइकपुढं गुणगुणली.

"दत्तराव, ह्याच्यात वारं सुटलंय. वाऱ्यात मेंढीला माणूस ऐकू येत न्हाई."

मग छोटा डबा लावला. ती पुन्हा गुणगुणली. भक्तीनं तेवढंच परत वाजवून हेडफोन माझ्या कानाला लावला. काय सांगू! तिचा श्वास, ओठाला ओठ लागल्याचा आवाज, आणि मधे ती गुणगुण, अंगावरून कुणी हात फिरवावा तशी. साठ वर्षांचा शेजार, पण हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आजवर तो फक्त मेंढ्यांनी ऐकला होता. मी जड डबा बाजूला सारला आणि छोट्याचे पैसे मोजले.

शनिवारी घरातले पंखे बंद करून भक्तीनं सगळं टिपून घेतलं. रविवारी सकाळी मेंढरांच्या वाड्यावर एक मेंढी पोरक्या कोकराला हाकलत होती. भक्तीनं तिच्या कानाशी छोटा स्पीकर धरला. कासाबाई दहा पावलांवर, तोंडावर पदर दाबून. मेंढीनं कान हलवले, मान खाली घातली. कोकरू भीतभीत पोटाखाली शिरलं. मेंढी हलली नाही.

कासाबाईनं पदर काढला.

"मेंढीला पटलं. भक्ते, आता तेच रुपालीच्या कानाला लाव."