विमान जाईपर्यंत उभं राहायचं

फोन आला तेव्हा वरून विमान चाललं होतं. दवाखान्यातून ह्यांचा आवाज आला, "अगं, ताई..." आणि पुढचं सगळं त्या घरघरीत बुडालं. आमच्या गल्लीत हे रोजचंच आहे. विमानतळ इतका जवळ, की विमानाचं पोट दिसतं, आणि ते डोक्यावरून जाईपर्यंत जो तो तोंडातला शब्द तोंडातच धरून थांबतो. मीही फोन कानाला लावून थांबले. तेवढा वेळ माझ्या वन्सं जिवंत होत्या. विमान गेलं. "ऐकलंस ना?" हे रडत म्हणाले. मी म्हटलं, "नाही. पुन्हा सांगा." बिचाऱ्यांना ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

त्याला आता दोन महिने होत आले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून दुपारी घरात कुणी नसताना मुलीच्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. कुणी वाचावं म्हणून नाही. वन्संबद्दल हल्ली जे गोड गोड बोललं जातंय ते मला चालत नाही, म्हणून.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, प्रमिलाताई. त्यांनी लग्न केलं नाही. सरकारी कचेरीत कारकुनी केली, याच शहरात लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकट्या राहिल्या आणि रिटायर झाल्यावर आमच्या दोन खोल्यांत आल्या. गोड तर त्या नव्हत्याच. पोळी जाड झाली की म्हणायच्या, "ही खायची का पांघरायची?" माझी मुलगी एकदा त्यांना म्हणाली, "आत्या, चिल यार!" तर म्हणाल्या, "चिल तू हो. मी स्वेटर घालते." पण पहिल्याच संध्याकाळची गोष्ट. मी कणीक मळताना त्यांना काहीतरी सांगत होते, तेवढ्यात विमान आलं. मी थांबले, आणि ते गेल्यावर उठून कुकर लावायला लागले. स्वयंपाकघरातल्या वेताच्या बुटक्या स्टुलावर बसलेल्या वन्सं म्हणाल्या, "पुढे?" मी म्हटलं, "काही नाही, असंच." "असंच कसं? दूधवाल्याला तू विचारलंस, इथवर आलं होतं. पुढे?" माझं अर्धं राहिलेलं वाक्य तोवर कुणी परत मागितलं नव्हतं. माहेरीही नाही.

गल्लीच्या मागून एक वाट जाते. पलीकडे हॉटेलं आहेत, मालाची गोदामं आहेत, बसचा थांबा आहे. शेजारच्या शहनाजभाभी, मूळच्या मिरजेच्या, त्याच वाटेने हॉटेलच्या लाँड्रीत कामाला जातात. मुलं शाळेत जातात. मी गोदामातल्या लोकांना जेवणाचे डबे पोचवते. ती वाट बंद झाली तर सगळ्यांना मोठ्या हायवेच्या कडेने वळसा पडतो, आणि त्या कडेला पायी चालायला जागाच नाही. मग एक दिवस कळलं, की विमानतळाभोवती मोठा बिझनेस डिस्ट्रिक्ट होणार, आणि तो म्हणे इथल्या लोकांना विचारून आखणार. विचारायला आम्हाला एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये बोलावलं. पडद्यावर काचेच्या इमारती, कारंजी, हातात कॉफी घेऊन हसणारी माणसं. त्यात आमच्या गल्लीतलं एकही माणूस नव्हतं. आमच्या घरांच्या मागे, वाटेच्या जागी, मात्र एक छान हिरवा पट्टा होता. वन्सं उठल्या. "ये हरा क्या है?"

योजनेच्या मॅडम हसून म्हणाल्या, "ग्रीन बेल्ट है, माताजी."

"माताजी मंदिर में होती हैं. मेरा नाम प्रमिला है. इस हरे में दरवाज़ा किधर है?"

"दरवाज़ा तो... सिक्योरिटी की वजह से..."

"मतलब दीवार है. तो दीवार बोलिए ना. हरा रंग क्यों लगाते हो?"

मागच्या रांगेत शहनाजभाभींनी तोंडाला पदर लावला. मी मान खाली घालून हसू दाबत होते. निघताना वन्संनी दारात मॅडमना गाठलं आणि सांगितलं, अगली मीटिंग हमारी गली में. यहाँ सिर्फ़ आपकी आवाज़ आती है.

आणि खरंच त्या लोकांना गल्लीत यावं लागलं. मंडप घातला, चहा केला. मॅडम माइक घेऊन बोलायला लागल्या आणि विमान आलं. त्या बोलतच राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते आणि आख्खी गल्ली गप्प बसून त्या ओठांकडे बघत होती. विमान गेल्यावर त्यांनी विचारलं, "तो सबको मंज़ूर है?" अशी हसली गल्ली, की मॅडमच गोंधळल्या. मग वन्सं उभ्या राहिल्या. "हमारा रास्ता..." एवढं म्हणाल्या आणि वरून दुसरं आलं. मॅडमना वाटलं झालं, त्यांनी पुढच्या माणसाला खूण केली. वन्सं बसल्या नाहीत. हात वर करून तशाच उभ्या, जसं काही विमानालाच थांबवलंय. आवाज विरला आणि त्यांनी त्याच शब्दापासून धरलं, "हमारा रास्ता खुला रहेगा, उस पर बत्ती लगेगी, ये नक़्शे में दिखाइए. फिर चाय पीजिए." घरी आल्यावर मला म्हणाल्या, "बघितलंस ना? विमान आलं की थांबायचं. पण बसायचं नाही. बसलं की त्यांना वाटतं, संपलं."

नंतर त्या आजारी पडल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात विमानं नव्हती, तर तिथेही कुरकुर. "इथे कसलं गं बोलणं? कुणी कुणासाठी थांबतच नाही." मी हसले, तर म्हणाल्या, "हसू नकोस. सभेचं बघ."

त्यांच्या तेराव्यानंतर गल्लीत पुन्हा सभा झाली. मॅडमनी हात जोडून श्रद्धांजली वाहिली. प्रमिलाजींनी आमच्या योजनेला नेहमी साथ दिली, म्हणाल्या. ग्रीन बेल्टमध्ये त्यांच्या नावाचा एक सुंदर बाक बसवायचं ठरवलंय, म्हणाल्या. पडद्यावर तो बाक दाखवला, त्यावर नावही घातलं होतं. वाट मात्र कुठे नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांचेही डोळे भरून आले. माझ्या मात्र अंगाची आग झाली. ज्या भिंतीशी त्या भांडल्या, त्याच भिंतीला टेकवून या योजनावाल्यांनी त्यांना बसवलं! त्यांना, ज्यांनी बसायचं नाही म्हणून सांगितलं होतं!

मी कधी उभी राहिले ते कळलंच नाही. "बेंच..." एवढाच शब्द निघाला आणि वरून विमान आलं. मॅडमना वाटलं मी आभार मानतेय. त्यांनी मान लववली, दुसरीकडे वळल्या. ह्यांनी माझा पदर ओढला. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती, आणि ते विमान काही केल्या सरेना... मी उभी राहिले. आवाज विरला तेव्हा मॅडमना माझ्याकडे बघावंच लागलं.

"बेंच नहीं चाहिए," मी म्हटलं. "रास्ता चाहिए. उनका नाम रास्ते को दीजिए. नहीं तो नाम मत लीजिए."

टाळ्या नाही वाजल्या. शहनाजभाभी उठून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मग त्यांच्या मागच्या बाई, मग आणखी. मॅडम म्हणाल्या, विचार करू. परत येताना भाभी म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही तर विमान थांबवलंत!"

अजून काही ठरलेलं नाही. पुढच्या सभेचं बोलावणं आलंय, आणि मी जाणार आहे. मागची वाट अजून उघडी आहे. सकाळी तिच्यावरूनच डबे देऊन आले. वेताचं स्टूल स्वयंपाकघरात होतं तिथेच आहे, त्यावर मी कुणाला बसू देत नाही. संध्याकाळी कणीक मळताना दिवसभराचं त्याच्याकडे बघून सांगते. मधेच विमान येतं, मी थांबते, आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे सांगते. वन्संना अर्धं सांगितलेलं चालत नाही.