नवव्या दिवसाची रेघ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवासमोरही नाही. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. पण हे मात्र भिजत पडलंय.

कानडी मुलखातल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका छोट्या आरोग्य केंद्रात मी एचआयव्हीची तपासणी करते. बोटाला सुई, पट्टीवर रक्ताचा थेंब, मग पंधरा-वीस मिनिटं नुसतं थांबायचं. ऊन टेबलावर सरकत येतं, कारखान्यांची घरघर लांबून ऐकू येते, आणि पांढऱ्या पट्टीवर रेघ हळूहळू वर येते. त्या वेळात मी जागी असते की नाही, माझं मलाच कळत नाही.

अशाच एका दुपारी तो आला — लेथवर काम करणारा, आमच्या मराठी मंडळातला तरुण. मला पाहून आधी ओशाळला, मग सावरला. खाली बघत म्हणाला, नऊ दिवसांपूर्वी चूक झाली. पट्टीवर एकच रेघ आली. म्हणजे निगेटिव्ह.

पण नऊ दिवसांत ती रेघ काय सांगणार? आमची पट्टी विषाणू शोधत नाही. त्याच्याशी लढायला अंगात जे तयार होतं, ते शोधते. त्याला काही आठवडे लागतात. तीन महिन्यांनी पुन्हा ये, तोवर कंडोम वापर — हे मी कानडीत रोज घडाघडा सांगते. मराठीत कधी सांगितलंच नव्हतं. मराठी आमची घरातली, पूजेची, पोरांना रागवायची. मला लाज वाटली. मग कानडीत का नाही सांगितलं? त्याला माझ्यापेक्षा चांगली येत होती — काय सांगू?

"अक्का, सुटलो ना मी?" त्यानं विचारलं.

"सुटलास. जा." त्याचा तो हलका झालेला चेहरा मला फार आवडला.

पाच महिन्यांनी त्याच्या लग्नात मी अक्षता टाकल्या. तो पुन्हा आला नव्हता, हे मला ठाऊक होतं. फोन नंबर रजिस्टरमध्ये होता. पंगतीत बसल्यावरही तेच मनात होतं — आणि मी जेवून घरी आले.

पुढच्या वर्षी त्याची बायको गरोदरपणाच्या तपासणीला आली. दुसरी रेघ उमटली. आधी फिकट, मग ठळक. तीन वेगवेगळ्या किटवर पाहिलं, तेच. मग त्याचीही तपासणी केली. त्यालाही एचआयव्ही होता.

दोघं माझ्यासमोर बसले होते. तो तिला म्हणाला, "माझं तर स्वच्छ होतं. अक्कांनीच बघितलंय."

ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली — मी आता काहीतरी बोलेन म्हणून. एक वाक्य पुरलं असतं. मी रजिस्टर पुढे ओढलं आणि तारीख घातली.

गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, बाळ ठणठणीत आहे. ती माहेरी आहे. त्यानं तिला परत आणलेलं नाही. मंडळात बायका तिच्याविषयी कुजबुजतात, तेव्हा मी तिथेच असते, प्रसादाचा द्रोण हातात घेऊन. दुपारी डोळा लागला की ती दिसते. अजून बघतेच आहे.

नऊ दिवसांचं मला माहीत होतं. तिला मी अजून सांगितलेलं नाही.