मोरवाली भिंत

आमच्या न्हाणीला चार भिंती होत्या. तीन पत्र्याच्या आणि चौथी आरटीओकडे नोंदलेली.

झालं असं, की गुडघे कुरकुरायला लागल्यावर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपला ट्रक बोरी बुद्रुकच्या घरामागे लावला तो कायमचाच. पुढे त्याला टेकवून तीन पत्रे उभे करून कोणीतरी (मीच!) न्हाणी केली. वीस वर्षं गेली. ती भिंत म्हणजे ट्रक आहे, हे आम्ही सगळेच विसरलो. मग एकदा जेवताना आप्पा म्हणाले, "येकदा आळेफाट्यापर्यंत चालवीन म्हंतो. मंग म्हातारा व्हायला मोकळा."

झालं, मी पेटलो! बायकोचं म्हणणं होतं, आधी पक्की न्हाणी बांधा. पण ऐकतो कोण? फाट्यावरून मिस्त्री आणला, इंजिन उतरवलं, नवे टायर, केबिनला झालर आणि सात सुरांत वाजणारा हॉर्न. (हॉर्न ऐकून सगळी वस्ती गोळा झाली पाहिजे, ही माझीच अट.) दोन्ही बाजूंना मोर काढायचे ठरले. त्यातला एक मोर काढायला पेंटर दोन दिवस न्हाणीत बसून होता, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही! उलट महिनाभर मी मोठ्या कौतुकाने मोरासमोर अंघोळ केली.

मुहूर्ताच्या सकाळी मिस्त्रीने बजावलं, "भाऊ, येकदा चालू झाला की थांबवायचा न्हाई. बंद पडला तर परत उठंल का, मी सांगू शकत न्हाई." मी म्हटलं, दहाच्या ठोक्याला काढा, कोणासाठी थांबू नका, माझ्यासाठीसुद्धा. आणि ग्रीसने माखलेलं अंग धुवायला गेलो.

डोक्याला साबण लावला तेवढ्यात धडधड ऐकू आली. चालू झाला! मी तिथेच नाचलो. मग मोर हलला. साबण डोळ्यांत गेला असेल, असं वाटलं. पण मोराची मान गेली, पिसारा गेला, फळीवरचा साबणही गेला आणि समोर लख्ख ऊन आलं. उन्हात सगळी वस्ती उभी होती. हॉर्न झकास वाजत होता.

"थांबवा, थांबवा" असा एकच गलका झाला. आप्पांनी खिडकीतून मागे पाहिलं. वीस वर्षांनी त्यांचे हात स्टिअरिंगवर होते आणि चेहरा लग्नाच्या फोटोत आहे तसा. आता ते ब्रेक दाबणार, हे मला दिसलं. मी बादली पुढे धरली आणि ओरडलो, "आप्पा, थांबू नका. जाऊ द्या!"

आप्पा गेले. (मागोमाग तिन्ही पत्रेही एकेक करून आडवे झाले. ते ट्रकलाच तारेने बांधलेले होते.) बायको टॉवेल घेऊन आली आणि चार पावलांवर थांबली.

"न्हाणी कवा बांदायची?" तिने शांतपणे विचारलं.

मी सोमवार म्हणालो, मग टॉवेल मिळाला.

सोमवारी विटा आल्या. फाट्याहून आप्पांनीच त्या ट्रकमधून आणल्या. आता न्हाणी चारही बाजूंनी पक्की आहे, आतून कडीसुद्धा आहे. तरी बाहेर हॉर्न वाजला की मी आधी बादली पुढे धरतो.