खालचा पंचम

गोंदियाच्या रेल्वे चाळीत आमच्या शेजारी मालगाडीचा एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचा. मी मालधक्क्यावर कारकून होतो आणि सौंदड गावच्या दंडारीत, म्हणजे तिथल्या लोकनाट्यात, पेटी वाजवायचो. गार्डसाहेब ड्यूटीवरून आले की व्हरांड्यात गिटार घेऊन बसत. एका संध्याकाळी त्यांनी असे काही सूर एकत्र छेडले की मी हातातला चहा ठेवून उठलोच. इतके उदास, तरी कुठेतरी निघालेले सूर मी कधी ऐकले नव्हते.

"साहब, ये क्या बजाया?"

त्यांनी चार बोटं मधल्या चार तारांवर दाबली आणि एकेक तार वाजवून दाखवली. मी मनात स्वर लावले: रे, कोमल ध, सा, म. एवढेच वाजले की जीव नुसता टांगणीला लागे. मग त्यांनी अंगठ्याने सगळ्यात जाड, मोकळी तार छेडली. खाली पंचम आला आणि तेच चार स्वर चालू लागले.

"ऊपर कुछ नहीं बदला," ते म्हणाले, "सिर्फ नीचे की ज़मीन बदली."

पेटीवर मला ते जमेना. एक हात भात्यावर, आणि खालचा पंचम दुसऱ्या हाताच्या आवाक्याबाहेर. बायको बघत होती.

"काऊन झगडून राहिले एका हातानं? भाता मी मारतो न!"

ती भाता मारू लागली, मी दोन्ही हातांनी पाचही स्वर धरले. बराच वेळ धरून बसलो तशी ती वैतागली, "आता पोचवा न त्याले घरी!"

मी षड्जावर उतरलो. व्हरांड्यातून गार्डसाहेब टाळ्या वाजवत ओरडले, "बहनजी समझ गईं!"

त्या वर्षी दिवाळीनंतर सौंदडच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, ते रजा काढून, गिटार घेऊन आले. दुपारची दंडार. आई मुलाला परदेशी धाडते तो प्रवेश. आईचं बोलणं संपलं आणि साहेबांनी ते सूर छेडून तसेच धरून ठेवले. आईचं काम करणारा गडी पुढचं विसरून उभा राहिला. समोर बसलेली एक म्हातारी न राहवून म्हणाली, "जाऊ दे वो बाई त्याले, येईल तो."

तेव्हा कुठे साहेब षड्जावर आले. माझी बोटं पेटीवर नुसतीच ठेवलेली होती. वाजवायचं मला सुचलंच नाही.

पुढच्या वर्षीपासून गावकरी आधी साहेबांची ड्यूटी विचारत आणि मगच दंडारीचा दिवस ठरवत.