गुहेत राक्षस पाहिजेत

त्यानं तोंडात पाणी घेतलं, खळखळून गुळणी केली आणि माझ्या चेहऱ्यावर थुंकला.

"मंत्राचं पाणी!" तो ओरडला. "राक्षसीण जळाली!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत त्याचे आईवडील होते, तेही हसले. पाणी कोमट होतं. माझ्या पापणीला बडीशेपेचा एक चावलेला दाणा चिकटला होता. मी तो पुसला नाही. मी जळून मेले होते ना. मेलेल्या राक्षसिणीनं हलायचं नसतं.

निवेदक माईकवर म्हणाला, "कल्पकतेचे पाच गुण जास्त!"

वणीत दर हिवाळ्यात ही स्पर्धा होते. गावातल्या डॉक्टर-वकिलांची मुलं पुण्याहून सुट्टीत येतात, ती भरवतात. एक काल्पनिक राज्य असतं, त्याला सात दरवाजे. भाग घेणारा प्रत्येक जण वीर. कोणी तलवारबाज, कोणी तिरंदाज, कोणी जादूगार. कोडी सोडवायची, फासे टाकायचे, दोरावरून चालायचं, गुहेतल्या राक्षसांना फोमच्या तलवारीनं मारायचं. ज्याचे गुण जास्त तो त्या वर्षीचा राज्यवीर.

मी कॉलेजला नवीन होते तेव्हा फाटकावर त्यांचा कागद दिसला. मुलींच्या वसतिगृहात राहायचे मी. आमचं कोलामांचं पोड, म्हणजे आमची वस्ती, तिथून जीपनं दीड तास. राजे, चेटूक, उडते घोडे असलेली पुस्तकं मी वाचनालयातून आणून आणून संपवली होती. वाटलं, हे तर आपलंच आहे.

नाव द्यायला गेले. निनाददादा टेबलाशी बसला होता. स्पर्धा त्याचीच, निवेदकही तोच. त्यानं मला वरून खाली पाहिलं.

"वीरांच्या जागा भरल्या गं. गुहेत राक्षस पाहिजेत. करशील?"

मी हो म्हटलं. आनंदानं हो म्हटलं. आज त्या आनंदाची मला सगळ्यात जास्त किळस येते.

स्पर्धेच्या दिवशी त्याची बहीण काळ्या रंगाची डबी घेऊन आली. पडद्यामागे आम्ही चौघी होतो. चौघी वसतिगृहातल्या, एकही गावातली नाही. तिनं तिघींना रंग फासला. माझ्यापाशी आली तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "हिला कशाला? वाया जाईल."

ती हसली. मीही हसले. हसायलाच पाहिजे असं वाटलं मला.

दुपारी वीरांची पंगत आत बसली. आम्हाला मागच्या व्हरांड्यात थांबायला सांगितलं. दीड तासानं पातेली आली. पुऱ्या चामड्यासारख्या. श्रीखंडात कोणाची तरी बोटं फिरलेली, मधेच एक केस. आंबूस वास येत होता. आम्ही खाल्लं. एकमेकींकडे न बघता खाल्लं.

तरी दुसऱ्या वर्षी मी पुन्हा गेले. का गेले? कारण पडद्याच्या फटीतून मी सगळा खेळ पाहिला होता आणि सगळी कोडी मला येत होती. वाटायचं, कधीतरी बोलावतील. त्या दुसऱ्या वर्षी ते पाणी तोंडावर आलं. मी वसतिगृहात येऊन चार वेळा तोंड धुतलं. बडीशेपेचा वास गेला नाही. आजही कोणी बडीशेप पुढे केली की मी हात मागे घेते.

तिसऱ्या वर्षी नोंदणी उघडायच्या आधी तासभर मी दारात उभी होते. रांगेत पहिली.

"अगं, तू राक्षस छान करतेस," निनाददादा म्हणाला.

"यंदा वीर."

"बरं, तिरंदाज लिहू? तुमच्यात असतंच ना ते."

"जादूगार लिहा."

त्यानं लिहिलं. त्याला वाटलं असेल, दुसऱ्या दरवाजाशी बाहेर पडेल ही.

मी पडले नाही. दोन वर्षं मी हा खेळ अंधारातून शिकले होते. दोरावरून चालले. कोडी त्यांचं वाचून व्हायच्या आत सोडवली. राक्षसांच्या गुहेत मैत्रिणी होत्या. मी तलवार खाली ठेवली आणि त्यांना वाट विचारली. नियमांच्या कागदावर तसं चालतं असं लिहिलं होतं, आजवर कोणी केलं नव्हतं. सातव्या दरवाजाशी दोघंच उरलो. मी आणि तो थुंकणारा. फळ्यावर माझे गुण अकरानं जास्त होते.

निनाददादानं मध्यंतर केलं. मला कोपऱ्यात नेलं.

"ऐक, मी शेवट असा केलाय. राजावर बाण येतो, तू मधे पडतेस. बलिदान. मरताना तुझी जादूची काठी तू समोरच्या वीराला देतेस, तो राज्यवीर होतो. लोक रडतील बघ."

"गुण माझे जास्त आहेत."

"गुण ठीक आहेत गं. पण गोष्टीला शोभलं पाहिजे ना. राज्यवीर म्हणून तू... समजून घे. टाळ्या तुलाच जास्त पडतील."

तो चांगुलपणानं बोलत होता. माझ्या खांद्यावर हात होता त्याचा. ओला, गरम हात.

मध्यंतर संपलं. माईकवर त्याचा आवाज आला, "आणि अचानक राजाच्या दिशेनं एक बाण येतो! जादूगार पुढे झेप घेते..."

मी जागची हलले नाही.

"जादूगार पुढे झेप घेते," तो पुन्हा म्हणाला.

तीन वर्षं या लोकांशी मी पुस्तकातली भाषा बोलले होते. शब्द तोलून, उच्चार सांभाळून. त्या वेळी तोंडातून माझी भाषा आली.

"मी मरत नाई. मले मारायचं असन तं फासे टाका. खेळून मारा."

पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "यांना जरा संधी दिली की असंच."

फासे कोणी टाकले नाहीत. निनाददादानं मला नियमभंगासाठी बाद केलं. कोणता नियम, ते मी विचारलं. त्यानं माईक बंद केला. त्या मुलाच्या गळ्यात पदक घातलं. मला उत्तेजनार्थ म्हणून एक पेन देत होते. मी हात पुढे केला नाही.

घरी गेल्यावर मायला सांगितलं. ती तूर पाखडत होती. सूप थांबलं.

"कायले गेलती त्या लोकायत?"

"जिकाले."

तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "मंग जिकली ना? त्यायनं नाई म्हटलं तं का झालं." आणि पाखडायला लागली. मला तेवढ्यानं बरं वाटलं नाही. वाटायलाही नको होतं.

मागच्या आठवड्यात निनाददादाचा फोन आला. झालं गेलं विसर म्हणाला. यंदा मला वनराणी करणार म्हणे, फोटो छान येतील. आणि वसतिगृहातून चार नवीन मुली राक्षस म्हणून घेऊन ये.

मी त्या रात्री वसतिगृहातल्या चार नवीन मुलींना बसवलं. थुंकी, श्रीखंड, काळा रंग, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, मी हसले होते तेही नाही. सकाळी आम्ही स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाला पत्र दिलं. आम्ही पाचही जणी वीर म्हणून उतरणार. नियम छापून आधी सगळ्यांच्या हातात द्या. निकाल गुणांवर लावा. जेवण एका पंगतीत. नाही जमलं तर हॉलच्या दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगू, नावं घेऊन सांगू.

खाली सह्या केल्या. आणि शेवटची ओळ मी माझ्या हातानं लिहिली: गुहेत आता आमच्यातलं कोणी उभं राहणार नाही, राक्षस तुमच्या घरातले आणा.