पहिलं वाक्य सोडून

"पयलं वाक्य सोड. दुसऱ्यापासून लिव."

सर दुकानात आले की खुर्चीवर बसायच्या आधी हे म्हणायचे. हातातला कागद माझ्यासमोर ठेवायचे, त्यातल्या पहिल्या ओळीवर स्वतःचं बोट आडवं धरायचे आणि मी दुसरी ओळ टाइप करायला लागेपर्यंत ते उचलायचे नाहीत.

शहापूरला कचेरीजवळच्या गल्लीत झेरॉक्सचं एक दुकान आहे. सकाळी कॉलेज करून दुपारी मी तिथे टायपिंग करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मराठी टायपिंग येणं हीसुद्धा मला मोठी विद्या वाटायची. सर आयटीआयमध्ये फिटरचे निदेशक होते. शिकवण्याबरोबर त्यांच्याकडे आणखी एक काम होतं, जे दुसऱ्या कुणालाच नको असायचं. आयटीआय झालेली मुलं-मुली वर्षभर कारखान्यात शिकाऊ म्हणून जातात. त्यातल्या कुणाला मशीनवर लागलं, की तिथे जायचं, जबाब घ्यायचा, चौकशी करायची आणि वरच्या ऑफिसला अहवाल पाठवायचा. वाशिंदपासून मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत सर मोटरसायकलवर फिरायचे. त्यांच्या हातचे ते कागद माझ्याकडे टाइप व्हायचे.

पहिलं वाक्य का सोडायचं, हे विचारायला मला दोन महिने लागले. मी तशी घाबरटच आहे. सरांनी मागचे चार-पाच जबाब माझ्यासमोर पसरले. प्रत्येकाची सुरुवात एकच होती: "चुकलं माझं सर."

तुमच्याकडेही असंच असेल. मोठ्या माणसासमोर काही बिघडलं की आमच्याकडे आधी "चुकलं" म्हणायचं आणि मग काय झालं ते सांगायचं. आमचा बैल शेजाऱ्याच्या वावरात शिरला तेव्हा माझी आई आधी "चुकलं आमचं" म्हणाली, आणि लगेच पुढे, की तुमचं कुंपण चार दिवस मोडून पडलंय, ते कोण बांधणार. ते वाक्य म्हणजे कबुली नसते. पाहुण्याला बसायला घोंगडी टाकतो, तसं ते असतं.

"राम राम हाय तो," सर म्हणाले. "राम राम कोण जबाबात लिवतं का?"

सर स्वतः मुरबाडकडच्या खेड्यातले. इतकी वर्षं सरकारी कागद लिहूनही त्यांची बोली सुटली नव्हती. जबाब मात्र ते मुलाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे ठेवून लिहायचे. "हात गावला" असेल तर "हात गावला." मी एकदा "हात अडकला" असं केलं, तर त्यांनी ते मला परत करायला लावलं. गावणं वेगळं आणि अडकणं वेगळं, एवढंच म्हणाले. घरी गेल्यावर मी त्यावर बराच विचार केला.

त्यांची चौकशीची पद्धत कुठल्याही नियमात बसणारी नव्हती. कारखान्यात गेले की साहेबाच्या केबिनमधला चहा टाळायचे आणि थेट जेवणाच्या सुट्टीत कामगारांच्या पंगतीला डबा उघडून बसायचे. डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी, तीही चौघांना पुरेल इतकी. जेवताना माणूस खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत होतं, कारण त्याला खोटं रचायचं की घास गिळायचा हे ठरवावं लागतं. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, डबा किती बांधायचा हे रोज सकाळी सांगावं लागे. दोन भाकऱ्या म्हणजे वर्ग. पाच भाकऱ्या म्हणजे कुठेतरी कुणाला तरी लागलं.

आमच्या दुकानातही त्यांनी चौकशी केली होती. मालक, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते कागद कापायच्या मशीनवर एकीकडे गिऱ्हाइकाशी बोलत पातं ओढायचे. सर तीन दिवस ते बघत राहिले. चौथ्या दिवशी लोखंडाची एक पट्टी घेऊन आले आणि विचारल्याशिवाय मशीनला बसवून टाकली. पट्टीमुळे बोट पात्याखाली जाईना. दादा वैतागले, कामाचा वेग कमी झाला म्हणाले. सर म्हणाले, "तुमची बोटं दहा आन गिऱ्हाइकं हजार. आधी दहाचं बघा." दादा पुढे महिनाभर येईल त्याला ती पट्टी कौतुकाने दाखवायचे.

अशा माणसाच्या हाताला कधीतरी काही झालं असेल, असं सगळ्यांना वाटायचं. काही झालं नव्हतं. दहाही बोटं शाबूत होती. आणि मला वाटतं, सरांना त्याचा थोडा संकोच होता. लागलेल्या मुलासमोर बसले की ते हात मांडीखाली ठेवायचे.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

भात पोटरीला आलं होतं त्या सुमारास सरांना चार दिवस ठाण्याला प्रशिक्षणाला बोलावलं. त्याच आठवड्यात मुरबाडकडच्या एका कारखान्यात त्यांच्या एका विद्यार्थिनीचा हात पत्रा दाबायच्या प्रेसखाली आला. तिचं नाव इथे वनिता म्हणते, ते खरं नाही. टोकावड्याच्या पुढे, गावाच्या कडेला असलेल्या वाडीतली. घरची जमीन नाही. त्या वाडीतून आयटीआय पास झालेली ती पहिली. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याचे एक साहेब आमच्या दुकानात आले. बोलायला फार सभ्य. त्यांनी हॉस्पिटलात जाऊन वनिताचा जबाब घेतला होता, खाली तिची सही होती. तो टाइप करून हवा होता. पहिली ओळ मी वाचली: "चुकलं माझं साहेब." पुढे दोनच ओळी होत्या.

मी विचारलं, म्हणजे पुटपुटले, की हे पहिलं वाक्य ठेवायचं का. साहेब हसले. शब्द तिचे आहेत, ते मी कसे बदलू, असं म्हणाले. सरही हेच म्हणायचे, की शब्द मुलांचेच ठेवायचे. मी कागद समोर ओढला.

आणि मग मी जे केलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या ऑफिसला जाणारा कागद आहे, तो बरा दिसावा म्हणून मी भाषा सुधारली. "सदर अपघात माझ्या स्वतःच्या चुकीमुळे घडला" असं टाइप केलं. साहेबांनी वाचून मान डोलावली. माझं मराठी छान आहे म्हणाले. मला बरं वाटलं. ते हॉस्पिटलात परत गेले आणि त्या टाइप केलेल्या कागदावर त्यांनी वनिताची सही घेतली.

सर ठाण्याहून आले आणि आयटीआयला पोचलेली ती प्रत घेऊन दुकानात आले, त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली. मग बसून वाचली. कुठे टाइप झाली हे त्यांना विचारावं लागलं नाही, कारण आमच्या प्रिंटरची डावीकडे एक फिकट रेघ येते. मी खाली बघत होते.

"टायपिंग चांगलं केलंस गो," ते म्हणाले. "येक चूक नाय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

नंतर ते पाच भाकऱ्या घेऊन त्या कारखान्यात गेले. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो, म्हणजे हात मध्ये राहू शकत नाही. त्या प्रेसचं एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं होतं. त्यामुळे एक हात मोकळा राहायचा आणि तुकडे भरभर सरकवता यायचे. वनिता तिथे जायच्या आधीपासून ते तसंच होतं. पंगतीत तिघांनी हे सांगितलं आणि सही द्यायला तिघांनीही नकार दिला. अपघातानंतर पट्टी काढून टाकलेली. सरांनी बटणावर बोट टेकवलं, ते चिकटलं. अहवालात त्यांनी लिहिलं, "बटण हाताला चिकट लागले." वरच्या ऑफिसातून उत्तर आलं, की चिकटपणा हा पुरावा होत नाही. प्रशिक्षणार्थीने स्वतःच चूक मान्य केली असल्याने तिचं प्रशिक्षण रद्द करण्यात येत आहे. ती काही वेगळं सांगत असल्यास तसा जबाब तिच्या सहीने, निदेशकांच्या समक्ष घेऊन महिनाअखेरीपर्यंत पाठवावा, नाहीतर प्रकरण बंद.

शिकाऊपणाचं वर्ष पुरं झालं नाही तर त्याचं प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नसेल तर दोन बोटं गेलेल्या मुलीला फिटर म्हणून कोण घेणार. त्याच महिनाअखेरीला सर निवृत्त होणार होते.

सर लगेच तिच्या वाडीवर जाऊन आले. ती सही करायला तयार नव्हती. कारखान्याने तिच्या भावाला कामावर घेतो म्हणून सांगितलं होतं. सरांनी तिला जोर केला नाही. दुकानात येऊन मला एवढंच सांगितलं, की पोरीचं हिशेबाने बरोबर हाय. त्यानंतर तीन आठवडे ते जबाबाबद्दल बोलले नाहीत. दुसऱ्या मुलांचे कागद आणायचे, पहिल्या ओळीवर बोट धरायचे, टाइप झालं की जायचे.

महिना संपायला दोन दिवस असताना ते धावत आले. फोन चालूच होता. वनिता होती. भावाला घेतलं नव्हतं. सरांनी फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि तिला आवाज मोठा करून बोलायला सांगितलं.

"चुकलं माझं सर, तवाच आयकायला पायजे होतं तुमचं," ती म्हणाली.

मी हात थांबवले. मग ती सांगत गेली आणि मी तिच्याच शब्दांत लिहीत गेले. बटणाला पट्टी होती. मी विचारलं तर सगळी अशीच करतात म्हणाले. हात गावला. एक शब्दही मी बदलला नाही. परवा या, मी सही करते, असं ती म्हणाली.

परवा म्हणजे सरांचा नोकरीचा शेवटचा दिवस. आयटीआयमध्ये त्यांच्यासाठी शाल-नारळ ठेवला होता, तो त्यांनी सकाळीच उरकून घेतला. मुलीच्या घरी जायचं तर बाईमाणूस बरोबर असलेलं बरं, म्हणून मला चल म्हणाले. मोटरसायकल आयटीआयच्या आवारातच ठेवून आम्ही एसटीने मुरबाडला गेलो, तिथून जीपने टोकावड्याच्या पुढे, मग चालत. जीपमध्ये सरांच्या मांडीवर नारळ आणि नारळावर नव्या जबाबाची फाईल होती.

वाडीवर बरीच घरं बंद होती. वनिताचंही. पलीकडच्या घरातली एक म्हातारी कुडाला टेकून तांदूळ निवडत होती. तिने सांगितलं, टेम्पो सकाळीच आला. मुकादम उद्या म्हणाला होता आणि आजच घेऊन आला. भट्टीवर गेली सगळी, विटांच्या. पोरगी "सर येणारेत, सर येणारेत" म्हणत होती. पण टेम्पो कुणासाठी थांबतो.

"कुठल्या भट्टीवर?" सरांनी विचारलं.

"भिवंडीकडं म्हणत व्हते. नायतर वसईकडं. आमाला कुठं काय सांगतात."

वनिताचा फोन बंद लागत होता. सरांनी तो बहुतेक वीस वेळा लावला. साडेपाचच्या आत कागदाचा फोटो वरच्या ऑफिसला पाठवला असता तरी चाललं असतं, तशी त्यांनी विनंती करून ठेवली होती. तीन वाजले होते. आम्ही तिच्या दाराबाहेरच्या ओट्यावर बसलो. म्हातारीने पाणी दिलं. चार वाजले.

तिची सही मी दोनदा पाहिली होती, त्या साहेबांनी आणलेल्या कागदावर आणि नंतरच्या प्रतीवर. सोपी होती, शाळेतल्यासारखी, अक्षरं सुटी सुटी. मी मान खाली घालून विचारलं, "सर, मी करू का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तरी रागावतील. त्यांनी फाईल उघडली, कागद काढला, पुन्हा वाचला, आणि खरंच सांगते, क्षणभर पेन माझ्या हातात देतील असं वाटलं.

"तुझं टायपिंग येकदा तिच्या नावावर खपलंय गो बाय," ते हळूच म्हणाले. "आता सहीपन नको."

कागद फाईलमध्ये गेला. मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. म्हातारी तांदूळ निवडायची थांबली आणि पुन्हा निवडायला लागली.

सर आता शहापुरात नसतात, नाशिककडे मुलीकडे राहतात असं ऐकते. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. कारखान्यांचे कागद आता टाइप होऊनच येतात, मला फक्त प्रिंट काढायची असते. वनिताचा नंबर मी अधूनमधून लावते.

त्या दिवशी साडेपाच वाजून गेल्यावर आम्ही उठलो. खालच्या रस्त्यावर शेवटची जीप हॉर्न देत होती. मी चार पावलं पुढे गेले, तर सर मागेच राहिलेले. वनिताच्या दाराची कडी एका बाजूने सुटून लोंबत होती, घाईत ओढून घेतली असावी. सरांनी नारळ आणि फाईल ओट्यावर ठेवली, खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली आणि तिच्या टोकाने कडीचे स्क्रू पिळायला लागले. जीप पुन्हा वाजली. त्यांनी वळून पाहिलं नाही. तिसरा स्क्रू भोकातच सैल फिरत होता, तर त्यांनी ओट्यावरून बांबूची एक काडी उचलली, दाताने बारीक केली, भोकात घातली आणि तो पुन्हा पिळला. मग कडी दोनदा हलवून पाहिली, आत कुणी झोपलेलं असावं इतक्या हळू.