बांधापलीकडची मिरची

दसरा होऊन गेला होता. सासूबाई ओट्याशी खुर्ची ओढून लसूण सोलत होत्या, मी ह्यांच्या डब्याच्या पोळ्या लाटत होते, एवढ्यात दाराची कडी वाजली. आमच्याकडे बेल आहे. ती सोडून कडी वाजवणारी बाई अख्ख्या पोलादपुरात मला एकच माहीत आहे.

"विठाबाई असेल," सासूबाई म्हणाल्या. "पण आत्ता कशी? मिरचीला अजून दोन महिने आहेत."

विठाबाईच होत्या. डोक्यावर नेहमीची पाटी नव्हती. हातात पत्र्याचा जुना डबा, त्यावर ओली पानं झाकलेली. तो त्यांनी असा धरला होता की मी घ्यायला हात पुढे केला तरी दिला नाही.

आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरमाथ्यावर त्यांची वाडी आहे. गुरं, नाचणी, वरी, आणि पाऊस सरला की झऱ्याच्या ओलीवर थोडा भाजीपाला. हिवाळ्यात तिथे ऊन चढेपर्यंत धुकं हलत नाही. त्या गारठ्यात विठाबाई ढोबळी मिरची पिकवतात, आणि ती त्यांनी निवडून निवडून स्वतःची केलेली आहे. तरुणपणी महाबळेश्वराकडच्या एका रोपवाटिकेतून त्यांनी तीन जातींची रोपं आणली होती. हॉटेलवाल्यांना लागते तशी मोठी, चौकोनी मिरची पानांनी नुसती माजली, पण थंडी पडली की तिची फुलं गळायची. पिवळी म्हणून दिलेली शिमगा आला तरी हिरवीच. तिसरी उरलीसुरली, बिननावाची. लहान, खाली टोकदार, सालीला पातळ. तीच धुक्यात धरली आणि लाल झाली.

तेव्हापासून दर हिवाळ्यात ऐन गारठ्यात जे झाड आधी फळ धरेल त्याला त्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायच्या. त्या झाडाची फळं तोडायची नाहीत, ती बियाण्याची. माझ्या सासूबाईंच्या तोंडाला तिखटाचा कणही सोसत नाही. वर्षातून ते दोन महिने त्या मिरचीची भाजी खातात म्हणजे खातात.

गेल्या हिवाळ्यात मी पीठ पेरून भाजी केली. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं. डोळ्यांतून पाणी, बोलता येईना. दही दिलं, खडीसाखर दिली.

पुढच्या बाजाराला विठाबाई आल्या तेव्हा मी सांगितलं. त्या हसल्या. "आजींना आता गोड पण तिखट लागाय लागलं काय?" म्हणत त्यांनी पाटीतली एक मिरची उचलून कचकन खाल्ली. गोड. दुसरी खाल्ली, तीही गोड. तिसरी मात्र त्यांनी हातावर थुंकली आणि पायरीवर बसल्या. बराच वेळ त्या हातातल्या चोथ्याकडे बघत होत्या.

"टोक जरा लांबलेलं दिसत व्हतं," एवढंच म्हणाल्या. "मला वाटलं पाणी कमी पडलं."

पाटी तशीच उचलून परत गेल्या. वाटेत कुणालाही एक मिरची विकली नाही.

झऱ्याजवळ एका बांधाच्या अल्याड विठाबाईंचे वाफे, पल्याड त्यांच्या धाकट्या जावेचे, ठमाबाईंचे. दरवर्षी वाफे करायच्या आधी दोघी तो बांध चालून येतात, आणि झऱ्यावर तिखट मिरची लावायची नाही हे तिथेच उभ्याने ठरतं. एका फुलावरची माशी दुसऱ्यावर बसते. त्या वर्षी फळ गोडच लागतं, पण त्याचं बी फसलेलं असतं. ते कळतं पुढच्या साली.

विठाबाईंनी घरी जाऊन विचारलं. पुढचं सगळं त्या दसऱ्यानंतरच्या सकाळी, डबा मांडीवर धरून, त्यांनी आम्हाला सांगितलं.

"मी म्हटलं, ठमे, मागल्या साली झऱ्यावर मिरची व्हती काय गो तुझी? तर बोलते, पाच-सात रोपटी व्हती, पावट्याच्या मांडवाआड. मी म्हटलं, मला बोलली नायस. तर बोलते, बोलले असते तर लावू दिली असतीस? तुझी मिरची गोड म्हणून आमी काय जन्मभर अळणी खायाचं?"

"तिचंही काही अगदीच खोटं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"नाय ना, आजी. उघडी लावली असती तर मी भांडले असते, दोन दिवस बोलले नसते. पण माझ्या चिंधीच्या झाडावर फडकं तरी बांधलं असतं. मांडवाआड कशाला लावायची?"

मी चहा दिला. त्यांनी कप खाली ठेवला, डबा नाही ठेवला.

"त्याच साली शिमग्याला तिनं मला वंजळभर लाल मिरच्या दिल्या व्हत्या. मी चटणी केली, बोटं चाटून खाल्ली. तिला सांगितलं पण, लय चांगली हाय गो, कुठनं आणलीस? माझ्या तोंडावर बोलली, पोलादपूरच्या बाजारातनं." विठाबाईंनी डब्यावरचं पान सारखं केलं. "तिला मीच बघून आणली, वैनी. दीर नको बोलत व्हता. मी म्हटलं, पोरगी सरळ हाय."

सासूबाईंनी लसणाची पाकळी सोलायची थांबवली.

मग त्यांनी डब्यावरची पानं काढली. आत बोटभर उंचीची सहा रोपं. फसलेल्या सालाच्या आधीचं चिमूटभर बी राखेत राहिलं होतं. ते सगळं पेरलं, त्यातलं एवढंच उगवलं. मागे आता काही नाही.

"वाडीवर नाय लावत," त्या म्हणाल्या. "तुमच्या गच्चीवर ऱ्हाऊ द्या. बियापुरती."

"इथे तिकडच्यासारखी थंडी कुठली, विठाबाई?"

"एक साल खाली राहिली म्हणून थंडी विसरायची नाय ती."

गच्चीवर गेल्यावर त्या आधी चारी कठड्यांशी जाऊन शेजारच्या गच्च्या बघून आल्या. कुणाकडे तुळस, कुणाकडे गुलाब, एकीकडे नुसत्या पाण्याच्या टाक्या. मग आमच्या टाकीमागे गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. तिथे माझी लवंगी मिरचीची कुंडी आहे. ह्यांना जेवताना त्यातली एक लागतेच, आणि तेव्हा ती पांढऱ्या फुलांनी भरली होती.

"काढीन हो मी ती," मी म्हटलं. "संध्याकाळी काढते. शब्द देते तुम्हाला."

विठाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, पण डबा अजून दोन्ही हातांत होता.

"वैनी, आत्ताच उपटा," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर."